जोडधंदा, पण कशाला जोडून?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात नव्या पदवीधरांसाठी मार्गदर्शन शिबिर भरले होते. आयोजकांनी आग्रहाने आम्हांसही व्यासपीठावर बसविले. मुख्य वक्ते शहरातून आलेले, उमदे आणि हजरजबाबी गृहस्थ होते. 'पदवीनंतर जोड उत्पन्नाचे मार्ग' या विषयावर ते दीड तास बोलले. फळ्यावर त्यांनी यादीच लिहून काढली : खासगी शिकवण्या, भाषांतर, संगणकावरील टंकलेखन, विमा एजन्सी, शेळीपालन, मोबाईलवरील चित्रफिती, शहरात घरोघरी जिन्नस पोहोचविणे. "रडत बसू नका, पहाटे दोन तास लवकर उठा," हा त्यांचा समारोप. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग प्रश्न विचारण्याची वेळ आली. शेवटच्या रांगेतून एक तरुण उठला. तो म्हणाला, "सर, मी एम. ए., बी. एड. आहे. चार वर्षं एका शाळेवर शिकवतो. पगार नाही. संध्याकाळी सेवा केंद्रात लोकांचे फॉर्म भरतो. दिवाळीच्या सुट्टीत आईवडलांबरोबर उसाच्या फडावर जातो. यातला माझा मूळ धंदा कोणता आणि जोडधंदा कोणता, तेवढं सांगा." वक्ते हसले. "पाहा, याला म्हणतात जिद्द!" असे म्हणून त्यांनी पुन्हा टाळ्या मिळविल्या. सभागृह हसले. आम्हीही हसलो. रात्री एस. टी.ने परतताना मात्र त्या हसण्याची आम्हांस लाज वाटू लागली. त्या तरुणाने विनोद केलाच नव्हता. त्याने प्रश्न विचारला होता, आणि व्यासपीठावरील आम्हा पाच शहाण्यांपैकी एकानेही त्याचे उत्तर दिले नव्हते.

ते उत्तर शोधण्याचा हा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

'जोडधंदा' हा शब्द शेतीतून आला. घरी जमीन आहे, तिच्यावर दाणे पिकतात, आणि त्या जोडीला दोन म्हशी, चार शेळ्या, परसातल्या कोंबड्या आहेत, अशा घराचा हा शब्द. जोड म्हणजे एकाला दुसऱ्याचा आधार. मूळ वस्तू अगोदर असावी लागते. मग तिला जोड देता येते. सदऱ्याला ठिगळ लावता येते, सदराच नसेल तर ठिगळ कशाला लावणार? 'अधिकचे उत्पन्न' हा शब्दप्रयोगही तसाच फसवा आहे. अधिक म्हणजे कशाहून अधिक? ज्याचे मुख्य उत्पन्न शून्य आहे, त्याला मिळणारे तीन हजार रुपये हे अधिकचे उत्पन्न नव्हे. ते त्याचे सगळेच उत्पन्न होय.

वाचकांपैकी अनेकांचा बीड जिल्ह्याशी परिचय नसेल, म्हणून दोन शब्द सांगणे अवश्य आहे. उत्तरेला गोदावरी, मधून बालाघाटाचे डोंगर, आणि पावसाच्या नावाने बव्हंशी अवर्षण. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक व ट्रॅक्टर भरून माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊस तोडायला निघतात. मुकादमाकडून आगाऊ रक्कम घ्यायची, तिला 'उचल' म्हणतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. म्हणजे दोन माणसांचे मिळून एक अवजार आणि त्या अवजाराच्या नावाने हिशेब. एक दिवस कामावर नाही आले तर 'खाडा' कापला जातो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, ही समाधानाची गोष्ट खरी. पण उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाचा कोयता आधीच गहाण पडतो, ही रीत कायम आहे.

कोरडवाहू शेतकऱ्याने उसाच्या फडावर जाणे हाही एके काळी जोडधंदाच होता, हे लक्षात घेतले पाहिजे. खरिपाची बाजरी-तूर घरात आली की चार महिने बाहेर जाऊन दोन पैसे गाठीला बांधायचे, एवढाच त्याचा हेतू. पुढे शेतीचे तुकडे झाले, पावसाने दगा दिला, आणि जोडधंद्याने मूळ धंदा गिळला. आज जोड उत्पन्नाचे धडे देणाऱ्यांनी बीडचा हा इतिहास प्रथम वाचावा. मूळ कमाई कोसळत असताना जोडकमाईच्या भरवशावर राहिलेल्या समाजाचे काय होते, याचे उत्तर दर वर्षी ट्रकात बसून घाट उतरते.

याच आईबापांनी मुलांना शिकविले. उचलीच्या पैशांतून वह्या आल्या, वसतिगृहाची फी आली. मुले आजीजवळ गावी राहिली, साखरशाळेत बसली, पडत-झडत पदवीपर्यंत पोहोचली. घराण्यात पहिली पदवी. ती पदवी त्या घराच्या दृष्टीने कागद नसून फेडीची आशा असते. अशा मुलाला "पहाटे दोन तास लवकर उठ" हा उपदेश करणे म्हणजे काय, हे उपदेशकांच्या ध्यानी येत नाही. त्याची आई पहाटे तीनला उठून कडाक्याच्या थंडीत मोळ्या बांधत आली आहे. लवकर उठणे या जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको.

आता त्या तरुणाची कहाणी पुन्हा पाहू. तो चार वर्षे विनावेतन शिकवितो. हे कसे घडते? सन २००० मध्ये महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली. पूर्ण शिक्षकाचे काम, आणि पहिली तीन वर्षे मानधन. प्राथमिकला तेव्हा ते महिना ३,००० रुपये होते. २००१ पासून नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर परवानग्या मिळू लागल्या. त्यांतील 'कायम' हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला. तथापि शब्द गेला म्हणून अनुदान आले असे झाले नाही. ते आले तेव्हा टप्प्याटप्प्याने, तेही सर्वांना नव्हे. त्याच काळात डी. एड. महाविद्यालये गावोगाव निघाली, आणि २०१२ पासून शिक्षकभरती कित्येक वर्षे जवळजवळ थांबली. एका हाताने शिक्षक घडविण्याचे कारखाने उघडले, दुसऱ्या हाताने शाळेचा दरवाजा लावून घेतला. शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये १६,००० ते २०,००० रुपयांपर्यंत वाढले हे योग्यच झाले. परंतु ज्याची नेमणूकच मान्य नाही त्याला त्या वाढीचा उपयोग काय?

असा शिक्षक आशेवर राबतो. आज ना उद्या शाळा अनुदानावर येईल, आपले नाव यादीत असेल, म्हणून तो जागा सोडत नाही. संस्थाचालक त्याला सांगतात, "तोवर काहीतरी जोडधंदा बघा." येथे आमचा खरा आक्षेप आहे. या वाक्यात 'जोडधंदा' याचा अर्थ असा, की तुझ्या श्रमाचे मोल आम्ही देणार नाही, ते तू अन्यत्र कमावून आण आणि आमची शाळा चालव. सेवा केंद्रातली त्याची संध्याकाळची कमाई वस्तुतः त्या शाळेला मिळालेली देणगी आहे. शाळेच्या देणगीदारांच्या फलकावर त्याचे नाव मात्र नसते.

कोणी म्हणेल, कायदाच नसेल तर संस्था तरी काय करणार? कायदा आहे. महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी (सेवाशर्ती) विनियमन अधिनियम १९७७ मध्ये झाला, त्याखालील नियम १९८१ चे. मान्यताप्राप्त खासगी शाळेतील शिक्षकाला ठरलेली वेतनश्रेणी द्यावी, असे तो सांगतो. त्यातून 'आमच्याकडे अनुदान नाही' ही सबब निघत नाही. उलट, १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औद्योगिक विवाद कायद्यान्वये शिक्षक हा 'कामगार' नव्हे असा निर्णय दिल्यापासून कामगार न्यायालयाचे दारही त्याला बंद आहे. कोयत्याला निदान टनामागे भाव आहे. खडूला तोही नाही.

महाविद्यालयांतही वेगळे चित्र नाही. नेट-सेट झालेले, पीएच.डी. मिळविलेले तरुण तासिका तत्त्वावर शिकवितात. शिकविलेल्या तासाचे पैसे. प्रश्नपत्रिका काढणे, उत्तरपत्रिका तपासणे, संमेलनात सतरंज्या घालणे फुकट. सुट्टीच्या महिन्यांचे काहीच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकाला तासाला १,५०० रुपये द्यावेत असे सुचविले होते. सूचना दिल्लीत आहे, अध्यापक बीडमध्ये आहे.

येथे आमच्यापुढे नेहमी एक थोर नाव फेकले जाते. "स्वामी रामानंद तीर्थांनी काय पगार मागितला होता?" हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेनंतर १९३५ मध्ये ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले, आणि त्या पिढीच्या शिक्षकांनी अर्धपोटी राहून मराठवाड्याला अक्षरओळख दिली, हे कोण नाकारील? परंतु स्वामीजी संन्यासी होते. त्यांनी त्याग निवडला होता. निवडलेला त्याग आणि लादलेला त्याग यांत दान आणि खंडणी यांच्याइतके अंतर आहे. शिवाय, त्यागाचे प्रवचन करणाऱ्याच्या स्वतःच्या बँकखात्यात दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वेतन जमा होत असेल, तर त्याने निदान आवाज खाली ठेवावा.

दुसरे नाव येते कर्मवीर भाऊराव पाटलांचे. 'कमवा आणि शिका' हा मंत्र त्यांचाच, मग श्रमाचे वावडे कशाला? आम्हांस श्रमाचे वावडे नाही. आमचे म्हणणे इतकेच, की कर्मवीरांची योजना नीट वाचावी. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या त्या माणसाने श्रमाची जबाबदारी मुलावर टाकून हात झटकले नाहीत. जमीन संस्थेने मिळविली, वसतिगृह संस्थेने उभारले, काम संस्थेने दिले, आणि त्या कामाच्या बदल्यात शिक्षण पदरात टाकले. तेथे मूळ गोष्ट शिक्षण होती आणि श्रम तिला जोडलेला होता. आज मुलगा कमावतो, संस्था घेते, आणि शिकणे केव्हाच संपलेले असते. याला कर्मवीरांचे नाव देऊ नये.

पदवीधरांच्या या 'जोड' कमाया प्रत्यक्षात कशा असतात, तेही पाहू. समजा, गावात दहा मुलांची शिकवणी आहे आणि प्रत्येकी महिना ३०० रुपये ठरले आहेत. ऊसतोडीच्या गावात दिवाळीनंतर त्यांतली निम्मी मुले आईबापांबरोबर जातात, उरलेल्यांपैकी दोघांची फी 'पुढच्या महिन्यात' असते. सेवा केंद्राची कथा याहून बोलकी आहे. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीकविमा आणला. अर्ज भरणाऱ्या केंद्राला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये मिळत. कितीतरी सुशिक्षित मुलांनी या भरवशावर संगणक आणि छपाईयंत्रे कर्जाने घेतली. अर्जांवर पैसे म्हटल्यावर अर्ज वाढले. बोगस अर्जांचा बोभाटा झाला आणि त्यात बीडचे नाव पुढे आले. २०२५ मध्ये ती योजनाच बंद झाली. योजना गेली, कर्जाचा हप्ता राहिला. सरकारी योजनेच्या पाठीवर उगवलेला जोडधंदा मंत्रालयातल्या एका कागदाने सुकतो.

याहून वाईट ते कमिशनचे धंदे. 'चार माणसे आण, त्यांना चार-चार आणायला सांग' असल्या साखळ्यांवर १९७८ चा केंद्रीय कायदा बंदी घालतो, तरी दर वर्षी नव्या नावाने त्या येतात आणि त्यांचे पहिले लक्ष्य नुकताच पदवी घेतलेला, इस्त्रीचा सदरा घालणारा, गावात पत असलेला मुलगा असतो. बुडालेल्या मल्टिस्टेट पतसंस्थांनी मराठवाड्यात काय हाहाकार केला, तो आपण २०२३ नंतर पाहिला. तेथेही गावोगाव ठेवी गोळा करणारे हात अशाच तरुणांचे होते. मोठे मासे फरार होतात किंवा तुरुंगात जातात. या मुलाला मात्र रोज त्याच पारावरून जावे लागते, जेथे त्याच्याच मावशीचे पैसे बुडालेले असतात.

आणि जे कमावले त्याचे होते काय? २०२३ च्या तलाठी भरतीचा हिशेब मांडा. जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांहून अधिक. शुल्क खुल्या वर्गाला १,००० आणि राखीव वर्गाला ९०० रुपये. सर्वांना कमीच धरले तरी बेरीज ९० कोटींच्या घरात जाते. ही रक्कम कोणी भरली? शिकवण्या घेणाऱ्यांनी, फॉर्म भरणाऱ्यांनी, पुण्याच्या रस्त्यांवर रात्री जेवणाचे डबे पोहोचवून सकाळी अभ्यासिकेत बसणाऱ्यांनी. बेकारांची जोडकमाई गोळा होऊन परीक्षाव्यवस्थेच्या तिजोरीत जाते. म्हणजे जोड कोण कोणाला देतो आहे?

पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी हे असे नव्हते. १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन झाले. विद्यार्थी रस्त्यावर आले, वसमतला गोळीबारात तरुण बळी पडले. त्यांच्या मागण्या काय होत्या? रेल्वे, उद्योग, नोकऱ्या, प्रदेशाचा अनुशेष. त्या पिढीने बेकारीला सार्वजनिक प्रश्न मानले आणि शासनाला जाब विचारला. अहिल्यानगर-बीड-परळी या लोहमार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली, आणि बीडपर्यंत गाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. रुळांना तीस वर्षे लागली तेव्हा कोणी रेल्वेला "पहाटे दोन तास लवकर उठ" म्हटले नाही. आज मात्र कारखाना आला नाही, भरती झाली नाही, तर दोष मुलाचा. त्याच्यात 'कौशल्य' नाही, त्याला 'मानसिकता' नाही. एका प्रदेशाचे अपयश एकेका पोराच्या डोक्यावर वाटून टाकण्याची ही युक्ती आहे, आणि तिला आपण प्रेरणा म्हणतो. २०२४ मधील मुख्यमंत्र्यांच्या नावाच्या कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधराला सहा महिने १०,००० रुपये विद्यावेतन मिळाले. पुढे मुदत पाच महिन्यांनी वाढली. मग? अकरा महिने कार्यालयात बसून काम शिकलेला मुलगा बाराव्या महिन्यात पुन्हा त्याच मार्गदर्शन शिबिरात येऊन बसला.

आमच्यावर आरोप होईल की आम्ही निराशा पसरवितो. तसे नाही. जोडीला खरोखर काही उभे राहू शकते, याची उदाहरणे याच जिल्ह्यात आहेत. बीड, गेवराई या भागांत तुतीची लागवड वाढली. एकदा लावलेली तुती बारा-पंधरा वर्षे पाला देते, अळ्यांचे एक पीक महिन्याभरात निघते, वर्षाला चार-पाच पिके घेता येतात. पूर्वी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावे लागे. २०१८ मध्ये जालन्याला आणि नंतर बीडलाही कोषांची बाजारपेठ झाली. हे का साधले? जमीन होती, लागवडीला रोजगार हमीतून साहाय्य होते, आणि विकायला जवळ बाजार झाला. उलट सीताफळ पाहा. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण पिकलेले सीताफळ दोन-तीन दिवसांत हातातून जाते. गर काढून साठवायला शीतगृह हवे, अखंड वीज हवी, भांडवल हवे. पाटी भरून रस्त्याकडेला बसलेल्या पदवीधर मुलीला मानांकनाचा कागद काय उपयोगाचा? निष्कर्ष साधा आहे. जोडधंद्याला जिद्दीपेक्षा आधी जमीन, वीज, कर्ज आणि बाजार लागतो. हे चार देणे समाजाचे काम आहे. जिद्द ती मुले घरूनच घेऊन येतात.

तेव्हा आमचे म्हणणे आम्ही स्पष्ट मांडतो. जी शिक्षणसंस्था आपल्या शिक्षकास वेतन देत नाही, तिने पदवीधरांना जोड उत्पन्नावर व्याख्याने ठेवू नयेत. तो अधिकार तिने गमावला आहे. नेमणुकीच्या जाहिरातीत गेल्या वर्षी शिक्षकांना प्रत्यक्ष किती वेतन दिले, तो आकडा छापावा. भरती रद्द झाली वा वर्षभरात झाली नाही, तर शुल्क परत करावे. आणि हा आरसा आपण केवळ दुसऱ्यांपुढे धरू नये. आपल्या समाजाच्याही शाळा आहेत, वसतिगृहे आहेत. तेथे तुटपुंज्या मानधनावर सेवाभावाच्या नावाखाली कोण राबते आहे, हे वाचकांपैकी जे विश्वस्त, व्यवस्थापक वा मुख्याध्यापक असतील त्यांनी आज घरी जाऊन पाहावे. सेवाभाव ही मागून घेण्याची वस्तू नव्हे.

तरुण मित्रांनाही एक विनंती. एक वही घाला. कोणत्या कामाला किती तास गेले, पेट्रोल किती, मोबाईलचा खर्च किती, हाती काय आले आणि काय येणे राहिले, हे तारीखवार लिहा. महिनाअखेर तासाचा दर काढा. तो रोजंदारीच्या मजुराहून कमी निघाला तर लाज तुम्ही वाटून घेऊ नका; ती ज्याची आहे त्याच्या दारात ती वही घेऊन जा, आणि एकटे जाऊ नका. शाळेने वेतन द्यायचे टाळले, तर शाळेत शिकविलेला प्रत्येक दिवस लेखी ठेवा. उचलीचा हिशेब मुकादमाच्या तोंडी राहिला म्हणून तुमचे आईबाप फसले. तुम्हांला त्यांनी लिहिता-वाचता केले, ते निदान आपला हिशेब आपल्या हाताने लिहिता यावा म्हणून.

त्या शेवटच्या रांगेतील तरुणास आम्ही शिबिरातच उत्तर द्यावयास हवे होते. ते आता देतो. बाळा, तुझा मूळ धंदा शिक्षकाचा आहे. तो तू चार वर्षे प्रामाणिकपणे केला आहेस. त्याचे पैसे तुझे येणे आहे. बाकी जे तू संध्याकाळी आणि सुट्टीत करतोस, तो जोडधंदा नाही. ते दुसऱ्याने थकविलेले कर्ज तू स्वतःच्या अंगाने फेडतो आहेस. आणि त्या दिवशी आम्ही हसलो, त्याची क्षमा कर.